एसी थंडी बनवत नाही, उष्णता वाहून नेतो

मार्च उजाडला की मुंब्र्यापासून कल्याणपर्यंतच्या घरांत एक चर्चा ठरलेली असते. यंदा एसी घ्यायचा का? अम्मींना रात्री झोप लागत नाही, बाळाच्या अंगावर घामोळ्या उठल्या आहेत, वरच्या मजल्यावरचा स्लॅब इशाच्या नमाजपर्यंत गरम असतो. मग दुकानात एक फेरी होते. टन, स्टार, इन्व्हर्टर, 'हॉट अँड कोल्ड' असे शब्द कानांवर पडतात आणि शेवटी महिन्याचा हप्ता किती बसतो यावर निर्णय होतो. हप्ता महत्त्वाचा आहेच. पण ज्या यंत्रावर घरातली मोठी रक्कम जाते आणि पुढची आठ-दहा वर्षे ज्याचे वीजबिल भरायचे असते, ते यंत्र नेमके काय करते हे घरातल्या निदान एका माणसाला माहीत असावे. या महिन्याच्या सदरात आम्ही तेच सांगणार आहोत.

सगळ्या विषयाचे सार एका वाक्यात येते. एसी थंडी तयार करत नाही. थंडी नावाची वस्तूच नसते. असते ती उष्णता, कुठे कमी, कुठे जास्त. एसी खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. म्हणूनच विज्ञानात अशा यंत्राला 'हीट पंप' म्हणतात. आपल्या घरातला फ्रिज हाही हीट पंपच आहे. फ्रिजच्या मागच्या किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून पाहा, तो कोमट लागेल. आतल्या दुधाची, सालनाची उष्णता तिथून स्वयंपाकघरात बाहेर पडत असते. त्यामुळे फ्रिजचे दार उघडे ठेवून स्वयंपाकघर थंड होत नाही, उलट थोडे तापतेच. विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारला की निम्म्याहून जास्त हात चुकीच्या उत्तराला वर जातात. तुमच्या मुलांना आज विचारून पाहा.

पंप म्हणजे काय, हे सोसायटीच्या टाकीवरून

पाणी आपोआप उताराकडे जाते. ते खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत चढवायचे तर मोटर लागते. उष्णतेचेही तसेच आहे. ती आपोआप गरम जागेकडून थंड जागेकडे जाते. गरम चहा ठेवला की निवतो, पण निवलेला चहा आपला आपण कधी तापत नाही. थंड खोलीतली उष्णता बाहेरच्या तापलेल्या हवेत ढकलायची म्हणजे ती उलट दिशेने, वर चढवायची. त्यासाठी वीज लागते.

ही तुलना लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. दुसऱ्या मजल्यावर पाणी चढवायला कमी वीज लागते, सातव्यावर जास्त. बाहेर ३५ अंश असताना खोली २६ ला ठेवणे म्हणजे पाणी काही मजलेच चढवणे. तीच खोली १८ ला ठेवणे म्हणजे आणखी बरेच मजले.

आता हे चढवण्याचे काम होते कसे? त्यासाठी दोन गोष्टी माहीत असल्या तरी पुरे, आणि त्या आपण रोज पाहतो.

पहिली: द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. वुजू करून पंख्याखाली उभे राहिले की ओल्या हातांना गारवा लागतो, तो यामुळेच. लग्नात बिर्याणीच्या देगेखाली मोठी शेगडी चालू असते, तेव्हा शेजारचा गॅस सिलिंडर पाहा. बाहेरून घामेजलेला, कधी तर पांढरा बर्फ धरलेला दिसतो. आतल्या द्रवरूप गॅसची भराभर वाफ होत असते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्याकडून घेत असतो. शेजारी आग धगधगते आहे आणि सिलिंडर मात्र गार.

दुसरी: वायू दाबला की तापतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते.

एसीत या दोनच गोष्टी एकापाठोपाठ फिरवलेल्या आहेत. खोलीतल्या डब्यात नळ्यांची जाळी असते. तिच्यातून अगदी कमी तापमानाला उकळणारा द्रव जातो. खोलीतली हवा जाळीवरून जाताना आपली उष्णता त्याला देते, त्याची वाफ होते आणि हवा गार होऊन परत येते. ही वाफ बाहेरच्या डब्यातल्या कॉम्प्रेसरकडे जाते. तो तिला दाबतो. दाबल्याने ती बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापते. मग बाहेरच्या जाळीतून जाताना ती आपली उष्णता बाहेरच्या हवेत सोडते आणि पुन्हा द्रव होते. पुढे एका अरुंद वाटेतून तिचा दाब एकदम उतरतो, द्रव थंड होतो आणि पुन्हा खोलीत येतो. एवढेच चक्र. दिवसभर तेच.

तेच यंत्र घर गरमही करते

आता चक्राची दिशा उलटी केली तर? बाहेरच्या जाळीने बाहेरच्या हवेतून उष्णता उचलायची आणि आतल्या जाळीने ती खोलीत सोडायची. एका झडपेने दिशा बदलते आणि एसीच घर गरम करतो. 'हॉट अँड कोल्ड' म्हणतात तो हाच. बाहेर पाच अंशाची थंडी असली तरी त्या हवेत उष्णता असतेच. उष्णता पूर्ण संपते ती थेट शून्याखाली २७३ अंशांवर. म्हणून थंड हवेतूनही ती काढता येते, फक्त बाहेर जितके गारठलेले तितके चढवण्याचे काम जड.

ही कल्पना नवी नाही. 'केल्विन' या नावाने पुढे ओळखले गेलेले शास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्येच ती मांडली होती. तिचा फायदा असा: साधा विजेचा हीटर एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता देतो, त्याहून जास्त देऊच शकत नाही. हीट पंप एक युनिट विजेत बाहेरून दोन-तीन युनिट उष्णता उचलून आणतो आणि घरात तीन-चार युनिट देतो. म्हणून थंड देशांत आता गॅसचे बॉयलर काढून हीट पंप लावण्यावर भर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी २०२३ च्या अखेरीपासून ७,५०० पौंडांचे अनुदान मिळू लागले. ठाणे-कल्याणच्या ज्या कोकणी घरांतली माणसे तिकडे स्थायिक आहेत, त्यांनी फोनवर हा शब्द ऐकलाही असेल.

पण ठाण्यात दुकानदाराने 'हॉट अँड कोल्ड' पुढे केला तर त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. श्रीनगर, दिल्ली, चंडीगडला तो कामाचा. आपल्याकडे जानेवारीत कल्याण-बदलापूरकडे चार-दोन रात्री चादर जाड घ्यावी लागते, तेवढ्यासाठी रजई पुरते.

आपल्याकडे गरम करायचे ते पाणी

आपल्या घरांना खोली गरम करावी लागत नाही, पाणी गरम करावे लागते. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी एक बादली, म्हणजे सुमारे १०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायचे धरले, तर गीझर किंवा रॉडला साधारण सव्वादोन ते अडीच युनिट लागतात. हीट पंपाचा वॉटर हीटर तेच काम पाऊण-एक युनिटात करतो, कारण तोही आजूबाजूच्या हवेतली उष्णता पाण्यात उचलून टाकतो. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तो महाग असतो, त्याला मोठी टाकी आणि मोकळी जागा लागते, आणि पाणी तापवायला तास-दोन तास किंवा जास्तही घेतो. एका बाथरूमच्या घरात तो परवडत नाही. पण जिथे रोज शेकडो लिटर गरम पाणी लागते, अशा रुग्णालयांना, वसतिगृहांना, हॉटेलांना, मोठ्या सोसायट्यांना तो परवडतो.

मशिदींच्या कमिट्यांनीही याचा विचार करावा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. म्हणजे येती काही वर्षे सहेरी आणि फज्र भर थंडीत येतील. वृद्ध नमाजींसाठी वुजूचे पाणी कोमट ठेवायचे तर मोठमोठे गीझर तासन्‌तास चालू ठेवण्याआधी सोलर आणि हीट पंप या दोन्हींचे अंदाजपत्रक मागवावे. गच्चीवर ऊन येत असेल तर सोलर आधी पाहावा. जागा सावलीत असेल तर हीट पंप.

ठाण्याचा घाम आणि नागपूरचा कूलर

नागपूर-अकोल्याचे पाहुणे विचारतात, तुम्ही कूलर का लावत नाही? कूलर म्हणजे ओल्या ताट्यांवरून हवा खेचणे. पाण्याची वाफ होते, हवा गार होते. विदर्भातली हवा कोरडी, ती पाणी पटकन शोषते. आपल्याकडे खाडी आहे, समुद्र जवळ आहे, हवा आधीच ओली. ती आणखी पाणी घेणार कुठे? कूलर इथे खोली दमट करतो आणि चिकचिक वाढवतो. माठातले पाणीही म्हणूनच नागपुरात जास्त गार होते. आपल्या अंगावरचा घाम न वाळता ओघळत राहतो, त्याचेही कारण तेच. ठाण्यातले ३५ अंश कधी कधी तिकडच्या ४२ पेक्षा जीवघेणे वाटतात ते यामुळे.

म्हणून आपल्याकडे एसीचे एक काम हवा गार करण्याचे आणि दुसरे, तितकेच मोठे, हवा कोरडी करण्याचे. आतल्या थंड जाळीवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते आणि पाइपातून बाहेर पडते. अमेरिकेत विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये आधुनिक एसीची रचना केली, तीच मुळी एका छापखान्यातल्या दमट हवेवर उपाय म्हणून. ओलाव्याने कागद फुगायचा, रंगांची छपाई जुळायची नाही. माणसांना गारवा देण्याचा विचार नंतर आला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पावसाळ्यात उकाडा कमी आणि ओल जास्त असते, तेव्हा रिमोटवरचा 'ड्राय' मोड लावावा; बहुतेक वेळा तो पुरतो. आणि पाइपातून पडणारे पाणी खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर सोडू नये. बादली लावली तर दिवसाकाठी काही लिटर पाणी जमते. ते फरशी पुसायला, झाडांना चालते. पिण्यासाठी नाही, कारण ते धुळीच्या जाळीवरून आलेले असते. त्या पाण्याने वुजू होतो का, हा मसला मात्र आम्ही उलमांवर सोपवतो.

स्टारच्या कागदावर काय वाचायचे

दुकानात एसीवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे, म्हणजे बीईईचे, लेबल असते. आपण तारे मोजतो आणि पुढे जातो. त्यावरचा खरा आकडा आयएसईईआर हा असतो. एक युनिट वीज घेऊन यंत्र हंगामभरात सरासरी किती युनिट उष्णता बाहेर काढते, ते तो सांगतो. आकडा जितका मोठा तितके यंत्र काटकसरी.

समजा एका रात्रीत तुमच्या खोलीतून २० युनिट उष्णता काढायची आहे. आयएसईईआर ४ असेल तर ५ युनिट वीज लागेल. ५ असेल तर ४ युनिट. रोज एक युनिटाचा फरक. वर्षातल्या १०० रात्री धरल्या तर १०० युनिट. घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर असतो. १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे दर चढत जातो. एसीची युनिटे नेहमीच्या वापराच्या वर जाऊन बसतात, म्हणजे ती चढ्या दरानेच मोजली जातात. त्यामुळे महाग पण काटकसरी यंत्र घ्यायचे की स्वस्त, हा हिशेब आपल्या बिलातला वरचा दर धरून करावा. एसी वर्षाला शंभर रात्री चालणार असेल तर जास्त स्टारचा परवडतो. वर्षातून वीस दिवस पाहुण्यांसाठीच लागणार असेल तर तीन स्टार पुरे.

लेबलवर वर्षाची युनिटेही छापलेली असतात. ती वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेली असतात, हे ध्यानात ठेवावे. लेबलचे वर्षही पाहावे. निकष काही वर्षांनी कडक होतात. जुन्या लेबलचा पाच स्टार नव्या निकषात चारवर येऊ शकतो.

टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. पूर्वी खोल्या आणि माल थंड करायला बर्फ वापरत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, त्या वेगाने उष्णता काढणारे यंत्र एक टनाचे. म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. शंभर-एकशेवीस चौरस फुटांच्या खोलीला साधारण एक टन पुरतो, दीडशे ते एकशेऐंशीला दीड टन. वर गच्ची असेल किंवा पश्चिमेची भिंत असेल तर थोडे वरचे धरावे. अशा घरात एसीच्या आधी गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा रंग लावून पाहावा. जी उष्णता आत आलीच नाही ती बाहेर काढायला वीजही लागत नाही.

तापमानाचे म्हणाल तर १ जानेवारी २०२० पासून नवे रूम एसी सुरू होतात तेच २४ अंशांवर, तसा सरकारी नियम आहे. एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असे बीईई सांगते. २६ वर एसी आणि जोडीला हळू पंखा, हे आपल्या हवेला चांगले जमते. १८ लावल्याने खोली लवकर गार होते हा समज आहे. यंत्र फक्त जास्त वेळ जास्त मजले चढत राहते.

'गॅस संपला' म्हणतात तेव्हा

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तोच गॅस बंद नळ्यांत वर्षानुवर्षे फिरतो. म्हणून सर्व्हिसिंगला आलेला माणूस दर उन्हाळ्यात 'गॅस कमी आहे, भरावा लागेल' म्हणत असेल तर त्याला विचारावे, गळती कुठे आहे ते दाखवा. गळती असेल तर ती आधी बुजवली पाहिजे. गळक्या घागरीत पाणी भरून उपयोग नसतो.

ही फक्त पैशांची बाब नाही. जुन्या यंत्रांतला आर-२२ हा गॅस ओझोनच्या थराला इजा करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराप्रमाणे तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. आता बहुतेक एसींत आर-३२ असतो. तो ओझोनला धोका करत नाही, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट पृथ्वी तापवतो, आणि सौम्य ज्वलनशीलही आहे. यंत्र काढताना किंवा घर बदलताना गॅस हवेत सोडून देणे, बंद खोलीत काडी पेटवून गळती शोधणे, हे प्रकार होऊ देऊ नयेत. साबणाच्या फेसाने गळती दिसते.

बाकी घरच्या घरी करण्यासारखे काम एकच आणि तेच बहुधा राहून जाते. एसीचा पुढचा पत्रा उघडून जाळीचे फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवावेत. धूळ बसली की हवा अडते आणि त्याच गारव्याला जास्त वीज जाते. मुलांना शिकवा, दहा मिनिटांचे काम आहे. मात्र बाहेरचा डबा पाहण्यासाठी ग्रिलवर चढणे, वाकणे हे काम कोणीही करू नये. जुन्या चाळींत आणि इमारतींत एसीसाठी स्वतंत्र वायर, एमसीबी आणि अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून आधी पाहून घ्यावे. खाडीकाठच्या वस्तीत लोखंडी ब्रॅकेट लवकर गंजतात; तेही दरवर्षी तपासावेत. तो डबा कोणाच्या तरी डोक्यावर टांगलेला असतो.

आपली उष्णता कोणाच्या घरात जाते?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती सांगतो. वरच्या हिशेबात खोलीतून २० युनिट उष्णता काढायला ४ युनिट वीज लागली. ती वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणजे बाहेरच्या डब्यातून रात्रभरात २४ युनिट उष्णता बाहेर पडली. ती नाहीशी झाली नाही. ती कुठे गेली?

मुंब्रा-कौसा, राबोडी, भिवंडी, कल्याणचा जुना भाग इथल्या इमारती आठवा. दोन इमारतींमध्ये हातभर गल्ली. मधल्या डक्टमध्ये एकावर एक दहा-बारा डबे. समोर कोणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी. ज्या घरात एसी नाही त्या घराला वाऱ्यासाठी तीच एक खिडकी असते, आणि शेजारच्या घरांतली उष्णता नेमकी तिच्या तोंडावर येते. ते घर मग खिडकी बंद करून बसते, पंखा गरम हवाच फिरवत राहतो. ज्याला एसी परवडला त्याचा उकाडा ज्याला परवडला नाही त्याच्याकडे पोहोचतो. एसी घेणे गुन्हा नाही. पण शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्या दीनमध्ये किती ताकीद आहे ते या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. भांड्याचा वास शेजारी जातो म्हणून आपण वाटीभर सालन पाठवतो. उष्णता जाते त्याचे काय?

यात नुकसान आपलेही आहे. बंद डक्टमध्ये गरम हवा कोंडते आणि डबा तीच गरम हवा परत ओढतो. मजल्यांची तुलना आठवा: बाहेरची हवा जितकी गरम तितके मजले जास्त. वीजबिल वाढते, यंत्र लवकर थकते. म्हणजे शेजाऱ्याच्या सोयीची जागा तीच आपल्याही सोयीची. डबा मोकळ्या हवेत, शक्यतो सावलीत असावा. समोर भिंत किंवा कपाट नसावे. कोणाच्या खिडकीवर त्याचे तोंड नसावे. गच्चीवर किंवा रस्त्याच्या बाजूला नेता येत असेल तर तांब्याच्या नळीचा थोडा जादा खर्च करावा. डबा बसवायला माणूस येतो तेव्हा तो सर्वात सोपी जागा दाखवतो. त्या वेळी घरातल्या कोणीतरी खिडकीतून डोकावून समोर कोण राहते ते पाहावे, आणि एकदा विचारावे. बसवून झाल्यावर भांडण होते, आधी विचारले तर बहुधा मार्ग निघतो.

आणि घरात तो कोणाच्या खोलीत?

बहुतेक घरांत एसी एकच असतो. तो कुठे लागतो? बऱ्याचदा दिवाणखान्यात, कारण तिथे पाहुणे बसतात. पण घरातली सर्वात गरम जागा स्वयंपाकघर असते आणि उष्णता सर्वात कमी सोसते ते शरीर वृद्धाचे, तान्ह्या बाळाचे, गरोदर बाईचे किंवा हृदयाच्या, मधुमेहाच्या रुग्णाचे असते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. ते ठिकाण आपल्यापासून दूर नाही. ठाणे महापालिकेनेही २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटांसाठी शहराचा कृती आराखडा केला. उकाडा ही आता नुसती गैरसोय उरलेली नाही.

म्हणून एसी एकच घेता येत असेल तर तो दादीच्या, नानीच्या किंवा बाळाच्या खोलीत लावावा. रात्री सगळ्यांनी तिथेच गाद्या टाकाव्यात. एक खोली गार करणे दोन खोल्यांपेक्षा स्वस्तच. स्वयंपाकघरात एसी जमत नाही, पण चांगला एक्झॉस्ट फॅन जमतो. तो बाराशे-पंधराशेत येतो आणि इफ्तारच्या आधी दोन तास तव्यापुढे उभ्या असणाऱ्या बाईची उष्णता बाहेर नेतो. घर गार करायला काढलेल्या पैशांतून हा खर्च सर्वात आधी करावा.

उन्हाळ्यात कोणी बरळू लागले, अंग भाजत आहे, चालताना तोल जातो असे दिसले तर सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडून पंखा लावावा आणि १०८ ला फोन करावा. एसीची वाट पाहू नये.

एसीची खरेदी साधारणपणे एप्रिलच्या घाईत होते. त्याआधी, फेब्रुवारीत सोसायटीची बैठक घेता येते. डक्टमधले डबे कुठे हलवता येतील, गच्चीला पांढरा रंग किती खर्चात होईल, पाइपांचे पाणी एका नळीने खाली कसे आणता येईल, हे तीन विषय पत्रिकेवर असले तरी पुरे. ज्यांच्या घरी एसी नाही त्यांनाही त्या बैठकीला आग्रहाने बोलवावे. डबे कुठे असू नयेत, ते त्यांना सर्वात चांगले ठाऊक असते.